त्या रात्री सासूबाई ‘या’ म्हणाल्या

कडी वाजली तेव्हा रात्रीचे पावणेअकरा झाले होते. मी मटकी भिजत घालत होते, हे रात्रपाळीला गेले होते आणि मुलगी वहीवर डोकं टेकून पेंगत होती. सासूबाईंची झोप सावध. त्या उठल्या, लाकडी दार उघडलं. जाळीच्या दाराबाहेर दोन माणसं उभी होती, एक वर्दीत आणि एक साध्या कपड्यांत. वर्दीवाल्यांनी माझ्या दिराचं नाव घेऊन विचारलं, “घरात आहे का?”

“नाही हो, मित्राच्या लग्नाला गेलाय, परवा येईल. पण या ना, बसा. पाणी आणते,” असं म्हणून सासूबाईंनी जाळीची कडी काढली.

ते बसले नाहीत. वर्दीवाले सरळ आतल्या खोलीत गेले. मी हात पुसत बाहेर येईपर्यंत लोखंडी कपाट उघडलेलं होतं आणि सासूबाईंच्या लग्नातल्या शालूची घडी जमिनीवर होती. साध्या कपड्यांतले गृहस्थ भाऊजींच्या टेबलाचे ड्रॉवर एकेक करून ओढत होते. भाऊजी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहेत, त्यामुळे त्या ड्रॉवरमध्ये स्क्रू, जुन्या बॅटऱ्या, तुटक्या काचा असलंच काहीबाही असतं. त्यातून त्यांनी काचेला तडा गेलेला एक काळा मोबाईल आणि एक अर्धवट भरलेलं बिलबुक काढलं.

मला सिनेमात ऐकलेलं एकच वाक्य सुचलं. “वॉरंट आहे का तुमच्याकडे?”

“ताई, वॉरंट लागत नाही. आणि तुमच्या आईंनीच आत घेतलं ना आम्हाला?”

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. पावती मागितली, तर उद्या ठाण्यात या म्हणाले, आजींनाही आणा, त्यांचा जबाब घ्यायचा आहे. मोबाईल आणि बिलबुक घेऊन ते गेले.

ते गेल्यावर मी स्वयंपाकघरात आले. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सासूबाई दुधाचा हिशोब लिहितात, त्याची पेन्सिल दोऱ्याला बांधलेली असते. त्या पेन्सिलीने मी त्या दिवसाच्या चौकटीत ‘अर्धा लि.’च्या खाली लिहिलं: पोलीस आले १०.५०, गेले ११.१०, मोबाईल १, बिलबुक १. का लिहिलं ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं. पतसंस्थेत कारकून म्हणून सोळा वर्षं काढली आहेत. घेतलं-दिलं की नोंद करायची, एवढं हाताला वळण आहे.

सासूबाई रात्रभर झोपल्या नाहीत. “मीच ‘या’ म्हणाले गं. माझ्यामुळे झालं,” हे त्यांनी किती वेळा म्हटलं असेल. शालू मी पुन्हा घडी करून ठेवला, तर त्यांनी तो उठून परत काढला आणि स्वतःच्या हाताने घडी घातली.

सकाळी हे कामावरून आले आणि आम्ही दोघं कोर्टात गेलो. यांच्या मित्राची बहीण तिथे वकिली करते. बाररूमच्या बाहेरच्या बाकावर तिने आमचं सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, तो मला आजही आठवतो. “ते कशासाठी आलेत हे त्यांनी सांगितलं का? कुठला गुन्हा, काय शोधतोय, असं काही?”

नव्हतं सांगितलं. आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

मग तिने जे सांगितलं ते मी इथे सविस्तर लिहिते, कारण माझ्या डोक्यात याबद्दल जे होतं ते जवळजवळ सगळं चुकीचं होतं आणि माझ्यासारखे पुष्कळ असतील.

वॉरंट लागत नाही, हे त्यांचं म्हणणं पूर्ण खोटं नव्हतं. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १८५ नुसार (जुन्या कायद्यात हे कलम १६५ होतं) ठाण्याचा प्रमुख किंवा तपास करणारा अधिकारी वॉरंटशिवायही घराची झडती घेऊ शकतो. पण ते कलम तिथे संपत नाही. तपासाला लागणारी वस्तू त्या जागी आहे असं मानायला वाजवी कारण हवं. ती दुसऱ्या मार्गाने विनाविलंब मिळणार नाही असं त्याचं मत हवं. ही कारणं आणि शक्य तेवढ्या नेमकेपणाने ती वस्तू कोणती, हे त्याने झडतीच्या आधी केस डायरीत, म्हणजे तपासाच्या नोंदवहीत, लिहून ठेवायला हवं. शक्यतो त्याने स्वतः यायचं. स्वतः येणं जमत नसेल, तर हाताखालच्याला लेखी आदेश द्यायचा, त्यात जागा आणि वस्तू दोन्ही लिहायच्या. आणि या नोंदींची प्रत ४८ तासांच्या आत जवळच्या मॅजिस्ट्रेटकडे पाठवायची.

म्हणजे वॉरंट नाही, तरी कागद आहेच. कोर्टाने आधी द्यायच्या कागदाऐवजी पोलिसाने स्वतः आधी लिहायचा आणि कोर्टाला लगेच दाखवायचा कागद. मी रात्री ‘वॉरंट आहे का’ असं विचारलं आणि ‘लागत नाही’ म्हटल्यावर गप्प बसले. विचारायला हवं होतं ते हे, की कुठल्या गुन्ह्यात, काय शोधताय, आणि कुणाच्या आदेशाने.

“पण मग सासूबाईंनी आत घेतलं त्याचं काय?” मी विचारलं. खरं तर हाच प्रश्न रात्रभर टोचत होता.

ती म्हणाली, “वहिनी, पोलिसाकडे कायद्याचा अधिकार असेल तर त्याला तुमच्या सासूबाईंच्या ‘हो’ची गरजच नाही. कलम १०३ खाली घरातल्या माणसाने त्याला आत येऊ द्यायचंच असतं, अडवलं तर तो दार तोडूनही येऊ शकतो. आणि अधिकार नसेल, तर ‘या, बसा’ म्हटल्याने तो तयार होत नाही. आपल्याकडे झडतीच्या कलमांत घरमालकाची संमती हा आधारच नाही. आणि धरून चालू की संमती होती. कशाची होती? बसायची आणि पाणी प्यायची. कपाट उघडायची नव्हती.”

हे यांनी घरी येऊन सासूबाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी पोटभर जेवण केलं.

दिराला अटक करायची असती तर गोष्ट वेगळी होती, हेही तिने स्पष्ट केलं. ज्याला अटक करायची तो आत आहे असं मानायला कारण असेल तर कलम ४४ खाली पोलीस घरात शिरून त्याला शोधू शकतात. पण माणूस शोधायचा असेल तर खोल्या बघतील, माळा बघतील, संडास-बाथरूम बघतील. ड्रॉवर ओढले आणि कपड्यांच्या घड्या उलगडल्या की ती वस्तूंची झडती झाली, आणि वस्तूंच्या झडतीला पंच लागतात. दोन किंवा अधिक, स्वतंत्र आणि प्रतिष्ठित, शक्यतो त्याच वस्तीतले. त्यांच्यासमोर झडती, सापडलेल्या प्रत्येक वस्तूची आणि ती कुठे सापडली त्या जागेची यादी, त्यावर त्यांच्या सह्या. घरातल्या माणसाला प्रत्येक वेळी हजर राहू द्यायचं आणि यादीची प्रत त्याच्या हातात द्यायची. नव्या कायद्याच्या कलम १०५ मध्ये आणखी एक गोष्ट आली आहे, झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं, शक्यतो मोबाईलवर, आणि ते विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं. आमच्याकडे त्या रात्री यातलं काहीही झालं नव्हतं.

सासूबाईंना ठाण्यात आणायचं जे सांगितलं होतं, त्यावर ती जरा चिडलीच. कलम १७९ प्रमाणे साक्षीदार म्हणून कुठल्याही बाईला जबाबासाठी ठाण्यात यायला लावता येत नाही, ती राहते तिथे जाऊन विचारायचं असतं. पंधरा वर्षांखालचे मुलगे, साठीच्या पुढचे पुरुष, अपंग आणि आजारी माणसं यांनाही तेच. आणि तपासात दिलेल्या जबाबावर देणाऱ्याची सही घ्यायची नसते, हे कलम १८१ मध्ये आहे. माझी सासू बहात्तर वर्षांची आहे. त्या रात्री ‘उद्या आणा’ म्हटल्यावर मी मनात रिक्षा कोणाची सांगायची याचा विचारही सुरू केला होता.

मला वाटलं, मग काम सोपं आहे. झडती बेकायदा, तर त्यात नेलेला मोबाईल कोर्टात बाद. पण तसं नाही. प्राप्तिकर खात्याच्या झडतीवरून गेलेल्या पूरणमल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये सांगितलं आहे की झडती बेकायदा होती एवढ्या कारणाने तिच्यात मिळालेला पुरावा आपोआप बाद होत नाही. पुराव्याचं वजन किती धरायचं ते कोर्ट ठरवतं. म्हणून, ती म्हणाली, काय झालं ते आजच कागदावर आलं पाहिजे. सहा महिन्यांनी साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून ‘रात्री नेला होता हो’ म्हणण्याला फार कमी किंमत राहते.

तिने तिथेच हाताने अर्ज लिहिला. तारीख, वेळ, दोन माणसं, नेलेल्या दोन वस्तू, पंच नव्हते, पावती दिली नाही, चित्रीकरण होताना दिसलं नाही, जप्तीची नोंद असेल तर प्रत मिळावी. विशेषणं काढून टाकली. मी ‘दमदाटी करून’ असं घालायला सांगितलं तर म्हणाली, दमदाटी झाली का? झाली नव्हती. मग नको.

ठाण्यात अर्ज द्यायला दीड तास गेला. ठाणे अंमलदार म्हणाले बारनिशीला, म्हणजे आवक-जावक विभागात, द्या, बारनिशीचे कारकून म्हणाले साहेब आल्यावर बघू, अर्ज ठेवून जा. पण आम्हाला दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का हवा होता, तो मिळेपर्यंत बाकावरून उठायचं नाही असं ठरवून गेलो होतो. आवाज चढवला नाही. शेवटी शिक्का मिळाला. निळ्या शाईचा, अर्धवट उमटलेला, पण तारीख वाचता येत होती.

त्या बाकावर बसले असताना मी मोबाईलवर खरकसिंग खटल्याबद्दल वाचत होते, वकीलबाईंनीच नाव सांगितलं होतं. उत्तर प्रदेशातला हा माणूस. १९४१ मध्ये दरोड्याच्या प्रकरणात धरला आणि पुराव्याअभावी सुटला, पण पोलिसांनी त्याच्या नावाने पाळतीचं खातं उघडलं. चौकीदार आणि शिपाई रात्री-अपरात्री येऊन दार ठोठावायचे, घरात शिरायचे, झोपलेल्याला उठवायचे. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ च्या डिसेंबरात रात्रीच्या या घरभेटींना परवानगी देणारा पोलीस नियम रद्द केला, कारण त्यामागे कुठला कायदाच नव्हता. त्या वेळी न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला नव्हता. तो मानला गेला २०१७ च्या ऑगस्टमध्ये, पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडून. पण रात्रीची कडी आणि उठवलेला माणूस, एवढं त्या न्यायमूर्तींना पंचावन्न वर्षं आधीच कळलं होतं. ठाण्याच्या बाकावर मला त्याने फार धीर आला.

भाऊजी परत आले. त्यांना हजर राहण्याची नोटीस निघाली, वकील त्यांच्यासोबत गेली. चोरीचे मोबाईल दुकानात विकायला आल्याचं ते प्रकरण होतं. भाऊजी तिथे पगारी नोकर, त्यांचं नाव पुढे साक्षीदारात गेलं. तो भाग इथे लिहीत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी अकरा वाजता पुन्हा कडी वाजली. या वेळी एक पोलीस उपनिरीक्षक, दोन हवालदार (त्यातले एक त्या रात्रीचेच), एक महिला शिपाई, आणि मागे दोन ओळखीचे चेहरे. एक पलीकडच्या गल्लीतले निवृत्त गुरुजी, दुसरे कोपऱ्यावरचे किराणावाले. पंच.

दार सासूबाईंनीच उघडलं. मी मागे उभी होते, मुद्दाम काही बोलले नाही. त्यांनी जाळीची कडी तशीच ठेवली आणि विचारलं, “काय काम काढलंत?”

उपनिरीक्षकांनी नीट सांगितलं. आपलं नाव, हुद्दा, गुन्हा रजिस्टर नंबर, चोरीचे मोबाईल आणि दुकानाची बिलबुकं शोधायची आहेत. केस डायरीत नोंद केली आहे म्हणाले. ती नोंद जागेवर घरमालकाला दाखवलीच पाहिजे असं कलमात नाही, तिची प्रत मॅजिस्ट्रेटकडून मिळते, हे मला आता माहीत होतं, म्हणून त्यावर अडून बसले नाही. मी वकीलबाईंना फोन लावला, त्या म्हणाल्या, येऊ द्या, अडवू नका, सोबत राहा. हे मी मुद्दाम लिहिते. अधिकाराने आलेल्या पोलिसाला दारात आडवं होऊन थांबवणं हा स्वतःच गुन्हा होऊ शकतो. आपलं काम विचारणं, बघणं आणि लिहून ठेवणं.

सासूबाईंनी कडी काढली, पण ‘या’ म्हणाल्या नाहीत. “घ्या काय ते बघून,” म्हणाल्या.

आत येण्याआधी पोलिसांनी आपली अंगझडती पंचांना दिली, म्हणजे आम्ही घरात काही घेऊन जात नाही हे दाखवलं. निदान खिसे दाखवले. हवालदारांच्या खांद्याला कागदपत्रांची पिशवी होती, तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, माझंही नाही. दुसऱ्या हवालदाराने मोबाईलवर चित्रीकरण सुरू केलं.

दोन झडत्यांमधला फरक मला शब्दांत सांगता येईल की नाही कोण जाणे. कपाटाचं दार मी उघडलं. शालू सासूबाईंनी स्वतः उचलून पलंगावर ठेवला, कुणी त्याला हात लावला नाही. एक खोली संपल्यावर सगळे मिळून दुसरीत जात होते, त्यामुळे कुणी एकटं कुठेच नव्हतं. देवघराच्या कपाटाशी आल्यावर महिला शिपाई क्षणभर थांबली, खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट उंबऱ्याबाहेर ठेवले आणि मग आत आली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. कलमात कुठे ते लिहिलेलंही नाही. सासूबाई त्यानंतर खुर्चीवर बसल्या, तोवर भिंतीला धरून उभ्या होत्या.

माळ्यावरून दोन जुनी बिलबुकं निघाली, ड्रॉवरमधून सुट्ट्या भागांचा डबा. तेवढंच.

मग पंचनामा लिहायला बसले. उपनिरीक्षक सांगत होते, हवालदार लिहीत होते. पंचनाम्याची भाषा वेगळीच असते, वस्तू सापडत नाही, ती ‘मिळून येते’. माळ्यावर बिलबुके दोन मिळून आली. टेबलाच्या खणात डबा एक मिळून आला. आणि मग हवालदारांनी आपणहून एक ओळ लिहिली आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचली, “लोखंडी कपाटाच्या मधल्या कप्प्यात काळ्या रंगाचा मोबाईल संच एक, काचेस तडा असलेला, मिळून आला.” मोबाईल त्यांच्या त्या पिशवीतून टेबलावर आला.

माझ्या तोंडाला कोरड पडली. मी आत जाऊन शिक्क्याची प्रत आणायला वळले, तेवढ्यात गुरुजी बोलले. आवाज अगदी वर्गातला, चढा नाही.

“साहेब, हा मोबाईल कपाटातून निघताना मी पाहिलेला नाही. कपाट माझ्यासमोर उघडलं, त्यात कपडे होते. मी जे पाहिलं नाही त्याखाली माझी सही नको.”

किराणावाले एकदा हवालदारांकडे बघत होते, एकदा गुरुजींकडे. मग तेही म्हणाले, “मी पण नाही पाहिला.”

मी अर्जाची प्रत टेबलावर ठेवली. उपनिरीक्षकांनी ती पूर्ण वाचली, शिक्क्यापर्यंत. त्या रात्री ते स्वतः आले नव्हते, आणि मला वाटतं हा अर्ज त्यांनी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. ते हवालदारांना घेऊन अंगणात गेले. चित्रीकरण चालूच होतं, दुसरा हवालदार बंद करू की नको या पेचात मोबाईल धरून उभा होता. पाच-सात मिनिटांनी ते आत आले, ती ओळ स्वतः खोडली आणि खोडलेल्या जागी दोन्ही पंचांच्या छोट्या सह्या घेतल्या.

त्या अधिकाऱ्यांबद्दल मला राग नाही. चूक लक्षात आल्यावर त्यांनी ती माझ्यासमोर, पंचांसमोर दुरुस्त केली. पण गुरुजी नसते तर? पंच म्हणून बोलावलं की आपण तोंड चुकवतो, ‘नको बाई ते कोर्टाचं झंझट’ म्हणतो. मग ठाण्याच्या आसपास वावरणारी तीच ती दोन माणसं प्रत्येक पंचनाम्यावर सह्या करतात. लेखी आदेशाने बोलावलं असताना योग्य कारणाशिवाय नकार देणं हा गुन्हा आहे, आणि कोर्टात तर खास समन्स आलं तरच जावं लागतं, हे दोन्ही कलम १०३ मध्येच आहे. मला कुणी पंच म्हणून बोलावलं तर मी जाईन. हे मी तेव्हाच ठरवलं आणि यांनाही सांगितलं.

एक वाजता पंचनामा पूर्ण वाचून दाखवला. सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ लिहिली आहे ना, हे मी पाहिलं. प्रत नंतर पाठवतो म्हणाले, मी म्हटलं कोपऱ्यावर झेरॉक्स आहे, मी थांबते. हवालदार जाऊन झेरॉक्स घेऊन आले. पंचांच्या सह्यांसकट प्रत हातात आल्यावरच मी सही केली, आणि सहीच्या वर ‘प्रत मिळाली’ असं लिहून खाली तारीख-वेळ टाकली. कायद्याने यादीवर सही लागते ती पंचांची. आपली सही घेतली जाते तेव्हा ती कशाबद्दल आहे हे तिच्या शेजारी लिहून ठेवलं तर पुढे तिचा दुसरा अर्थ निघत नाही.

वकीलबाईंनी मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करून कलम १८५ च्या नोंदींची प्रत मागितली. ती विनामूल्य मिळते. मिळायला अकरा दिवस लागले. त्यात गुन्हा, शोधायच्या वस्तू, झडतीची कारणं, सगळं व्यवस्थित होतं, पण ते चौथ्या दिवसाच्या झडतीचं. त्या रात्रीचा एका अक्षराने उल्लेख नव्हता. वीस मिनिटं आमच्या घरात दोन माणसं फिरली, कपाट उपसलं, दोन वस्तू नेल्या, आणि सरकारदरबारी ती रात्र झालीच नव्हती.

महिन्याभराने ठाण्यातून फोन आला. मोबाईलचा आयएमईआय नंबर चोरीच्या यादीत नाही, घेऊन जा. मी आणि भाऊजी गेलो. तेच हवालदार होते. टेबलावर मोबाईल, त्या रात्रीचं बिलबुक आणि एक टाईप केलेली पावती तयार होती. मी वाचली.

‘सदर मोबाईल संच व बिलबुक आम्ही स्वखुशीने हजर केले होते, ते आज रोजी सुस्थितीत परत मिळाले.’

मी पेन खाली ठेवलं. “स्वखुशीने नाही दिलं आम्ही.”

“ताई, वस्तू मिळतायत ना परत? एका शब्दाने काय होतंय?”

भाऊजींना मोबाईल घेऊन निघायचं होतं, ते माझ्याकडे बघत होते, जाऊ दे ना वहिनी असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मलाही क्षणभर वाटलं, की संपतंय तर संपू दे. पण मला सासूबाई दिसत होत्या, रात्री दोन वाजता दिव्याखाली बसून शालूची घडी घालणाऱ्या, ‘माझ्यामुळे झालं’ म्हणणाऱ्या. तो शब्द मी मान्य केला असता तर त्यांनी खरोखरच दिलं, असा त्याचा अर्थ झाला असता.

“शब्द खोडा आणि तारीख-वेळ घाला, मी लगेच सही करते. नाहीतर मी अर्ज देते आणि मोबाईल कोर्टातून सोडवून घेते.”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग कागद ओढला, ‘आम्ही स्वखुशीने हजर केले होते’ यावर आडवी रेघ मारली आणि हाताने लिहिलं, ‘आमचे राहते घरातून रात्रौ नेले होते’. तारीख घातली. वेळेशी थांबले आणि मला विचारलं, “किती वाजले होते?”

“दहा पन्नास.”

त्यांनी लिहिलं. खोडलेल्या जागी आधी त्यांनी सही केली, मग मी.

ती पावती, शिक्क्याची प्रत आणि पंचनामा एका फाईलमध्ये आहेत. महिना संपल्यावर कॅलेंडरचं पान सासूबाई दरवेळी फाडून त्यावर शेंगा निवडतात. या वेळी त्यांनी ते घडी करून माझ्याकडे दिलं आणि म्हणाल्या, “हेही ठेव त्यात.” दुधाचा हिशोब चुकता झालेला आहे, प्रत्येक चौकटीत अर्धा लि., अर्धा लि., आणि एकीत त्याच्या खाली माझं वाकडंतिकडं १०.५०.